वजन किती?

इंग्लंडला आल्यावर दुसऱ्याच वर्षी इमर्जन्सी गोळी आणायला केमिस्टकडे गेले होते. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात आणि आपल्याकडे जिला सरसकट आय-पिल म्हणतात, ती. फार्मासिस्टबाईंनी आतल्या छोट्या खोलीत बसवलं. किती तास झाले, पाळी कधी आली होती, इतर औषधं कोणती, आणि वजन किती? शेवटच्या प्रश्नावर मी फणकारले. ‘सुटलीस गं’ ऐकून कान किटलेली बाई मी, इथेही तेच?

त्यांनी शांतपणे समजावलं. ही नेहमीची गोळी, म्हणजे लिव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची, ७० किलोंच्या किंवा २६ बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) वर कमी पडू शकते. माझे किलो ७६. मग युलिप्रिस्टल नावाची दुसरी गोळी मिळाली, जी संबंधानंतर पाच दिवसांपर्यंत चालते. सगळ्यात खात्रीची मात्र तांबी. पाच दिवसांत बसवली तर काम करते, आणि तिला वजनाशी देणंघेणं नाही.

भारतात लिव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते. ती पुन्हा चिठ्ठीवर आणावी का, असा वाद अधूनमधून उठतो. मला चिठ्ठी नको वाटते. तालुक्याच्या गावात डॉक्टर सासऱ्यांच्या ओळखीचा असतो आणि गोळी घेण्याचे ७२ तास कुणासाठी थांबत नाहीत. पण या वादात वजनाचं नावच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २४ टक्के बायकांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. पाच फुटांची बाई साठ किलोंतच २६ ला टेकते. लग्नाच्या मांडवात सगळे वजन काढतात. जिथे काढायला हवं त्या काउंटरवर पाकीट कागदात गुंडाळून सरकवतात.

इकडे इंग्लंड-युरोपात सगळं ठरलेलं आहे असंही नाही. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी पुरावा अपुरा म्हणून वजनाची अट नाकारली. २०१७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनी मार्गदर्शिकेत ती घातली. जाड बायकांना दुप्पट डोस द्या, असाही पर्याय त्यांनी ठेवला, पण २०२२ च्या अमेरिकी चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. दुसरं काही हाताशी नसेल तर साधी गोळी घ्यावीच, त्याबद्दल दुमत नाही.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. गोळी घेतली होती, वजन ७८. मी म्हटलं, अजून तीन दिवस आहेत, सरकारी दवाखान्यात तांबी फुकट बसवतात.

“मावशी, ती तर मूल झाल्यावर बसवतात ना?”

नाही गं, म्हटलं. आधी रिक्षा कर.