साडेसातीवाल्यांनो, एकदा शनी बघून तरी घ्या

आपल्याकडे शनी म्हटलं की काय आठवतं? तेल, काळे उडीद, रुईच्या पानांची माळ आणि "सध्या साडेसाती चालू आहे हो त्यांना". नोकरी गेली शनी, लग्न जमेना शनी, गाडी दोनदा पंक्चर झाली तरी शनीच. माझं म्हणणं एवढंच, की ज्याला जन्मभर इतकं टरकून राहायचं त्याचं तोंड एकदा तरी बघावं ना माणसाने! अख्ख्या सूर्यमालेत इतकं देखणं दुसरं काही नाही, आणि हे मी गुरूच्या फॅन लोकांची माफी न मागता लिहितोय.

आधी साडेसातीचंच घ्या, त्यातलं गणित मला जाम आवडतं. शनीला सूर्याभोवती एक चक्कर मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, राशी बारा, भागाकार केला की एका राशीत जवळजवळ अडीच वर्षं. तुमच्या आधीची रास, तुमची आणि नंतरची, झाली साडेसात. म्हणजे ज्यांनी कुणी हे बसवलं त्यांनी दुर्बीण वगैरे काही नसताना एवढ्याशा ठिपक्यावर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती राव! फळाचं काय ते तुमचं तुम्ही बघा, निरीक्षण मात्र शंभर नंबरी. आणि शनी वक्री झाला म्हणजे तिकडे तो काही रिव्हर्स गिअर टाकत नाही. आपली पृथ्वी आतल्या ट्रॅकवरून त्याला ओव्हरटेक करते, म्हणून तो मागे जातोय असं वाटतं, फास्ट लोकलमधून शेजारची स्लो मागे सरकताना दिसते तसंच. दरवर्षी साडेचारेक महिने हे चालतं, त्यामुळे पेपरात वाचून घाबरायचं काही कारण नाही.

बरं, हा आहे कसा? पृथ्वीच्या नऊपट रुंद, मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम, पाय टेकवायला जमीनच नाही. दिवस साडेदहा तासांचा. एवढं धूड इतक्या जोरात गरगरतं म्हणून मधे फुगलंय आणि ध्रुवांकडे चपटं झालंय, फरक चक्क दहा टक्क्यांचा. घनता पाण्यापेक्षा कमी. उत्तर ध्रुवावर ढगांचा एक षटकोन आहे, अख्ख्या पृथ्वीपेक्षा रुंद, व्हॉयेजर यानांच्या फोटोंत सापडला आणि पंचवीसेक वर्षांनी कॅसिनी यान पोचलं तेव्हाही जागेवरच. वाऱ्याला सहा कोपरे! मला तर ते फोटो बघून अजून खोटेच वाटतात.

पण खरा माल म्हणजे कडी. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर, आणि जाडी बऱ्याच ठिकाणी जेमतेम १० मीटर. परत वाचा, किलोमीटर नाही, मीटर. सगळा जवळपास पाण्याचा बर्फ, वाळूच्या कणापासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत, प्रत्येक तुकडा आपापला शनीभोवती फिरतोय. १६१० मध्ये गॅलिलिओला वाटलं की तीन गोळे शेजारी शेजारी आहेत, १६१२ मध्ये बघतो तर बाजूचे दोन गायब! बिचारा चक्रावलाच. कडी आपल्याला बरोबर कडेवरून दिसायला लागली की इतकी पातळ असतात की दिसतच नाहीत, हे कोडं हायगेन्स नावाच्या डच शास्त्रज्ञाने १६५९ मध्ये सोडवलं. दर पंधरा वर्षांच्या आसपास हे होतं, मार्च २०२५ मध्ये परत झालं, पण तेव्हा शनी आकाशात नेमका सूर्याच्या जवळ दिसत होता त्यामुळे आपल्याला काही घंटा दिसलं नाही.

चंद्र किती, तर २०२५ मध्ये एकदम १२८ नवे जाहीर झाले आणि आकडा २७४ वर गेला. त्यातल्या टायटनवर मिथेनचा पाऊस पडतो, तळी आहेत, २००५ मध्ये तिथे आपलं, म्हणजे माणसांचं, एक छोटं यान उतरलंसुद्धा. एन्सेलाडस त्याहून भारी, बर्फाच्या भेगांतून खाऱ्या पाण्याचे फवारे उडतात, खाली समुद्र आहे. कॅसिनीचं इंधन संपत आलं तेव्हा ते चुकून या चंद्रांवर आदळून पृथ्वीवरचे जंतू तिथे जायला नकोत म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये त्याला मुद्दाम शनीतच बुडवलं. १३ वर्षं तिथे काम केलेलं यान हो! कुणाच्या घरात आपली घाण नको म्हणून स्वतःचं वाहन जाळलं, असं शहाणपण माणूस इतरत्र फारसं दाखवत नाही.

आता दुर्बिणीतून कसा दिसतो ते सांगतो, कारण फोटोंमुळे लोकांच्या अपेक्षा फार वाढलेल्या असतात. छोटा दिसतो, अगदी एवढुसा. फिकट पिवळा, धार लावल्यासारखा स्वच्छ, कडीसकट, बाजूला टायटनचा बारीक ठिपका. ट्रॅकिंग, म्हणजे दुर्बीण आपोआप त्याच्या मागे फिरवायची सोय, नसेल तर बघता बघता आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, सरकून जातो, मागचा माणूस ओरडतो "माझा नंबर आला आणि गेला की!" गच्चीवर एक काकू बघून झाल्यावर नळीच्या पुढे जाऊन चेक करून आल्या, स्टिकर तर चिकटवलं नाही ना. सगळे काही काकूंसारखे बोलून दाखवत नाहीत, पण शंका बहुतेकांना येते.

सध्याची काही वर्षं पावसाळा संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळी पूर्वेच्या बाजूला न लुकलुकणारा पिवळसर ठिपका शोधा. साध्या बायनॉक्युलरने कडी वेगळी दिसणार नाहीत, पंचवीस-तीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण लागेल, आणि ती लगेच विकत घेऊ नका, ऑनलाइन मिळणाऱ्या खेळण्यांचा स्टँड इतका थरथरतो की शनी सोडा, समोरची टाकी दिसत नाही. गावातल्या आकाशदर्शनवाल्यांना गाठा, ते उलट खूश होतील.