नऊ एकर वावर असूनही कार लोन का अडतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या कार लोनवरच्या लेखाखाली दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकानं लिहिलंय:

"तुमचा लेख पुण्या-मुंबईच्या पोरायसाठी ठीक हाये. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाले आहो, वय 20. बाबाच्या नावानं नऊ एकर वावर हाये, ते जामीन राहाले तयार हायेत. तरी बँकेतल्या सायबानं अर्जच घेतला नाही. उलट यवतमाळात जुन्या गाड्यायच्या डीलरनं अर्ध्या घंट्यात सांगतलं, 9 टक्क्यानं तीन लाख देतो, चार वर्षासाठी. मंग बँकेतच जा असं कावून सांगता?"

भाऊ, पगाराच्या घरचा हिशेब कापसाच्या घराला लागू पडत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. म्हणून इथे कापसाच्या घराचाच हिशेब मांडतो. डीलरबद्दलचं म्हणणं मात्र अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण खाली आकड्यांत दिलंय. सही करायच्या आधी तेवढं तरी वाचा.

आधी वय. कायद्यानं 18 व्या वर्षी करार करता येतो, गाडीचं लायसन्सही 18 ला मिळतं, पण कार लोनसाठी बहुतेक बँका 21 पूर्ण मागतात. त्यामुळे तुमच्या एकट्याच्या नावाचा अर्ज संगणकातच पुढे सरकत नाही. साहेबानं तो घेतला नाही त्याचं पहिलं कारण बहुधा हेच असावं. ते त्यांनी नीट सांगायला हवं होतं, हे नक्की. एक लक्षात ठेवा: तोंडी "होत नाही" म्हणजे कर्ज नामंजूर झालं असं नव्हे, कारण अर्जाची नोंदच झालेली नसते. पुढच्या वेळी अर्ज लेखी द्या, पोच घ्या. अर्ज नाकारला तर मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. बँकेनं तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी 14448 हा नंबर आहे. पण लोकपाल "याला कर्ज द्या" असा हुकूम काढत नाही. कर्ज द्यायचं की नाही, हा निर्णय बँकेचाच राहतो.

आता जामिनाचं. आपल्याकडे सोसायटीपासून पतसंस्थेपर्यंत जामीनदार आणला की काम होतं असा समज आहे. कार लोनमध्ये जामीनदार आणि सहअर्जदार यांत मोठा फरक पडतो. फेडणार कोण, हे बँक मूळ अर्जदाराच्या उत्पन्नावरून ठरवते. विद्यार्थ्याचं उत्पन्न शून्य, मग त्याच्या मागे कितीही तगडा जामीनदार उभा केला तरी ते शून्यच राहतं. वडील सहअर्जदार झाले, किंवा त्याहून बरं म्हणजे मुख्य अर्जदारच झाले, तर त्यांचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं. जोखीम दोन्हीकडे सारखीच आहे. हप्ते थकले तर जामीनदारावर पूर्ण रकमेची जबाबदारी येते आणि त्याच्या सिबिललाही (कर्जफेडीच्या नोंदीलाही) डाग लागतो. म्हणजे वडिलांनी जामीन राहून जोखीम तेवढीच घ्यायची आणि फायदा मात्र काहीच नाही.

गाडी वडिलांच्या नावावर असली तर तुमचं काही अडत नाही. तुमच्याकडे वैध लायसन्स असेल तर तुम्ही चालवू शकता, आणि अपघात झाला तर गाडी मालकानंच चालवायला हवी होती असं विमा कंपनी म्हणू शकत नाही. पोराच्या नावावर आरसी असावी ही हौस मी समजू शकतो, पण त्या हौसेपायी अर्ज अडवून ठेवू नका.

आता नऊ एकर. कार लोनमध्ये तारण असते ती गाडी. आरसीवर बँकेचं हायपोथिकेशन (बोजाची नोंद) चढतं. शेतजमीन या व्यवहारात तारण म्हणून येतच नाही. थकबाकी वसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळे अशा कर्जासाठी ती गहाण घ्यायला बँकांना रसही नसतो. सातबारा मागतात तो उत्पन्नाचा अंदाज काढायला. किती एकर, ओलीत की कोरडवाहू, पेरा कशाचा, आणि ‘इतर हक्क’ रकान्यात कोणाचा बोजा आहे, एवढं त्यातून पाहतात.

तो अंदाज आपणच काढून पाहू. नऊ एकर कोरडवाहू धरू, पाच एकर कापूस आणि चार एकर सोयाबीन. कापूस एकरी 6 क्विंटल म्हणजे 30 क्विंटल; 2025-26 चा मध्यम धाग्याचा हमीभाव 7,710 रुपये, म्हणजे 2,31,300. सोयाबीन एकरी 5 क्विंटल म्हणजे 20 क्विंटल. हमीभाव 5,328, म्हणजे 1,06,560. एकूण 3,37,860 रुपये, तेही सगळा माल हमीभावानं गेला तर. बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचाई, हार्वेस्टर, भाडं धरून निम्मा खर्च वजा करा. हातात उरले साधारण 1 लाख 69 हजार.

स्टेट बँकेच्या कार लोनमध्ये शेतकरी अर्जदारासाठी अट आहे ती निव्वळ वार्षिक उत्पन्नाची: अर्जदार आणि सहअर्जदार मिळून किमान 4 लाख, आणि त्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त तिप्पट कर्ज. दुसऱ्या बँकांचे आकडे वेगळे असतात, पद्धत हीच. नऊ एकर कोरडवाहू वावर तिथे पोचत नाही. तेच वावर ओलिताचं असेल, तूर-हरभरा-संत्रा असेल, दुधाचे चुकारे खात्यात येत असतील, किंवा मोठा भाऊ पगारावर असेल, तर गणित बदलतं. पगारदार भाऊ किंवा शिक्षिका आई सहअर्जदार होत असेल तर तोच रस्ता सगळ्यात सोपा: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, एवढ्यात काम होतं.

विदर्भात खरी फाइल अडते ती दोन ठिकाणी, आणि दोन्हीबद्दल शाखेत कोणी नीट समजावून सांगत नाही.

पहिलं, वडिलांचं पीककर्ज. कर्जमाफी येईल म्हणून अनेकांनी पीककर्ज भरायचं थांबवलेलं असतं. माफी येईल तेव्हा येईल, तोवर खातं थकीत दिसतं. कापूस-सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की ते एनपीए (वसुली अडलेलं खातं) होतं, आणि एनपीए खात्याच्या माणसाला कोणतीही सरकारी बँक कार लोन देत नाही. 2017 च्या कर्जमाफी योजनेत दीड लाखावरची रक्कम भरून तडजोडीनं खातं बंद केलं असेल, तर अहवालात ते ‘सेटल्ड’ म्हणून दिसू शकतं. म्हणून शोरूम पाहायला जायच्या आधी वडिलांचा क्रेडिट अहवाल काढा. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देतात. स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर स्कोअर कमी होत नाही. भरलेलं कर्ज अजून थकीत दिसत असेल तर पावती जोडून तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. सोसायटीमार्फत घेतलेलं कर्ज अहवालात दिसेलच असं नाही, पण बँक सोसायटीचा नो-ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) मागतेच. तो आधीच काढून ठेवा.

दुसरं, रोखीचा व्यवहार. गावात येऊन खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याला माल रोखीनं दिला तर बँकेच्या दृष्टीनं तो विकलाच गेला नाही. बाजार समितीत किंवा सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) घाला, काटापट्टी आणि हिशोबपट्टी जपून ठेवा, चुकारा वडिलांच्या एकाच खात्यात घ्या. असे दोन हंगाम स्टेटमेंटवर दिसले की शाखा व्यवस्थापकाला वर पाठवायला काहीतरी ठोस मिळतं. सोबत 8-अ, फेरफार, पीक पेऱ्याची नोंद, आणि शक्य असेल तर आयकर विवरण. शेती उत्पन्नाला केंद्राचा आयकर नाही, तरी विवरण भरता येतं आणि बँक ते मानते.

इथे एक सांभाळा. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा उत्पन्न दाखला 60-70 हजारांचा आणि कार लोनसाठी उत्पन्न 4 लाख, असे दोन कागद एकाच घरातून जात असतील तर त्यातला एक खोटा आहे, आणि तो तुमच्याच सहीनं गेलेला असतो. शिष्यवृत्ती घेत असाल तर हा धोका पत्करू नका.

तसंच घरात गाडी आली की काय जातं, तेही पाहा. लाडकी बहीण योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुलं मिळून कुटुंब धरतात, आणि त्यातल्या कोणाच्याही नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर आई अपात्र ठरते. म्हणजे महिन्याचे 1,500, वर्षाचे 18,000 गेले. केशरी रेशनकार्डालाही चारचाकी नसण्याची अट आहे. घरकुलाच्या यादीत नाव असेल तर तेही जाऊ शकतं. गाडी तुमच्या नावावर घ्या की वडिलांच्या, यात फरक पडत नाही.

आता तो डीलर. "9 टक्के" म्हणाला, पण फ्लॅट की घटत्या शिलकीवर, हे त्यानं सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. अर्ध्या तासात मिळणारे 9 टक्के जवळजवळ नेहमी फ्लॅट असतात. 3 लाखांवर 9 टक्के फ्लॅट, चार वर्षं: व्याज 1,08,000, हप्ता 8,500. पहिल्या वर्षाअखेर मुद्दल बरंच फिटलेलं असतं, तरी व्याज पूर्ण 3 लाखांवरच लागत राहतं. बँकेच्या पद्धतीनं मोजलं तर हा दर साधारण 16 टक्के होतो. खरोखर 9 टक्के घटत्या शिलकीवर असते तर हप्ता 7,466 च्या आसपास आणि एकूण व्याज 58 हजारांच्या थोडं वर. फरक जवळपास 50 हजार रुपयांचा, म्हणजे साडेसहा क्विंटल कापूस.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या हक्काचा आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक बँकेनं आणि फायनान्स कंपनीनं कर्जापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं आहे, तुम्हाला समजेल त्या भाषेत. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. प्रोसेसिंग फी, त्यांनी गळ्यात मारलेला विमा, सगळं धरून खरा वार्षिक दर तोच. डीलरला एवढंच म्हणा: एपीआर लिहून द्या. टाळाटाळ केली तर उठून या. आणि त्याला चार-पाच कंपन्यांत एकदम फाइल लॉगिन करू देऊ नका. प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात पडते, आणि पुढची बँक विचारते की बाकीच्यांनी का नाकारलं.

मुदतीआधी फेडण्याचा मुद्दाही आपल्याकडे महत्त्वाचा आहे, कारण पैसा येतो एकदम, डिसेंबर-जानेवारीत. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या, बदलत्या दराच्या वैयक्तिक (धंद्यासाठी नसलेल्या) कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड लावता येत नाही. जुन्या गाड्यांवरचं फायनान्स बहुधा स्थिर दराचं असतं. तिथे करारात लिहिलेला दंड लागतो. तेवढं एक कलम वाचल्याशिवाय सही नको.

आता मघाचा आकडा परत घ्या. 8,500 चा हप्ता म्हणजे वर्षाचे 1,02,000. वावरातून उरतात 1 लाख 69 हजार. साठ टक्के रक्कम गाडीला गेली, त्यात पेट्रोल आणि विमा अजून आलेच नाहीत. पुढे जून-जुलैत पेरणीला पैसा लागतो, खातं रिकामं असतं, नेमका तेव्हा हप्ता बाउन्स होतो. फायनान्सवाल्याचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा, आणि सिबिलला डाग. कोणत्याही मार्गानं कर्ज घेतलंच, तर कापूस विकल्याबरोबर पुढच्या बारा हप्त्यांची रक्कम हप्ता कापला जातो त्या खात्यात ऑटो स्वीपवर टाका. वर तिला एफडीचं व्याज मिळतं आणि हप्त्यापुरती रक्कम आपोआप मोडली जाते.

म्हणून तुमच्या घरासाठी माझं स्पष्ट मत: यंदा गाडीचं कर्ज काढू नका. वडिलांचं पीककर्ज नियमित करा, येणाऱ्या हंगामाचा सगळा चुकारा खात्यात घ्या. तुम्ही स्वतः 10-15 हजारांच्या एफडीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याला मर्यादेच्या पाव हिश्शापर्यंत वापरा, पूर्ण बिल तारखेआधी भरा. साधारण सहा महिन्यांत तुमचा स्वतःचा स्कोअर तयार होतो. कर्जाचा इतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय, पण तयार स्कोअर दाखवला तर बोलणं लवकर संपतं.

आणि गाडी अगदी आत्ताच हवी असेल, घरात कोणाच्या नावावर एफडी असेल, तर त्याच बँकेत एफडीवर कर्ज घ्या. रकमेच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळतं, व्याज एफडीपेक्षा एक-दोन टक्के जास्त, उत्पन्नाचा पुरावा लागत नाही. जुनी गाडी त्या पैशात घेतली तर आरसीवर आधीच्या मालकाच्या बँकेचा बोजा उतरलाय का, ते परिवहनच्या संकेतस्थळावर पाहा. उतरला नसेल तर त्या बँकेची एनओसी आणि सही केलेला फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) हातात आल्याशिवाय विसारसुद्धा देऊ नका.