खुलासा : महापालिका शाळांचा निकाल आणि ‘बाहेरची मुले’

नवी मुंबईतील पालकांमध्ये सध्या एक मजकूर फिरत आहे : महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा दहावीचा निकाल परराज्यातील मुलांमुळे घसरतो, आणि पुरावा म्हणून दाखल्यावरील ‘मातृभाषा : हिंदी’ ही नोंद दाखवली जाते. हा निष्कर्ष त्या नोंदीवरून निघत नाही. त्याच दाखल्यावर दोन ओळी इकडेतिकडे जन्मस्थानाचा रकानाही असतो आणि तिथे बऱ्याचदा वाशी किंवा ठाणेच लिहिलेले आढळते. तो रकाना मात्र कुणी वाचत नाही.

शिवाय निकालाची टक्केवारी पटावरील नव्हे, तर परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढली जाते, आणि नियमित, पुनर्परीक्षार्थी व शाळेत न जाता सतरा नंबरचा अर्ज भरून परीक्षा देणारे खासगी विद्यार्थी यांचे निकाल मंडळ स्वतंत्रपणे जाहीर करते. चाळीस मुलांच्या वर्गात एक मूल नापास झाले, तरी निकाल अडीच टक्क्यांनी उतरतो; अशा शाळेची तुलना चारशे मुलांच्या शाळेशी करणे मुळातच गैर आहे.

आणखी एक बाब : शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेशांची मोफत सोय आठवीपर्यंतच असल्याने, खासगी शाळेची फी न झेपणारी मुले नववीत पालिकेच्या शाळेत येऊ शकतात. ती परप्रांतीय नव्हेत, शेजारच्याच गल्लीतली असतात.