ती काय सांगी राह्यनी?

मे महिन्यात जळगावात बसून एखादी संवादप्रधान मालिका बघायची, तर दोनच मार्ग आहेत. कूलर चालू ठेवून संवाद सोडायचे, नाहीतर कूलर बंद करून जीव. बाहेर पारा 45 च्या आसपास आणि आत तो पत्र्याचा डबा खिडकीत बसलेला. इकडची हवा इतकी कोरडी, की ओल्या गवताच्या जाळीतून येता येता पाणी सुकवते आणि स्वतः गार होते. शास्त्र उत्तम आहे, त्याचा आवाज तेवढा फार आहे. पंखा गरगरतो, पंप गुरगुरतो, पत्रा थरथरतो. त्याच्यावरून ओरडून बोलायची आम्हाला इतकी सवय, की पाऊस येऊन कूलर बंद झाला तरी आम्ही 'मीठ दे'सुद्धा ओरडूनच सांगतो आणि शेजाऱ्यांना वाटतं, शेताच्या वाटण्या चालल्यात.

हाणामारीच्या सिनेमाला कूलर आड येत नाही. सासू-सुनांच्या मालिकेलाही नाही. तिथे एकीने दुसरीकडे नुसतं बघितलं तरी ढोल वाजतात, काय झालं ते बहिऱ्यालाही कळतं. माझी पंचाईत केली ती 'होरेस अँड पीट'ने.

ही अमेरिकन मालिका 30 जानेवारी 2016 रोजी आली ती कोणाला काही न सांगता. जाहिरात नाही, वाहिनी नाही. लुई सी.के. या विनोदवीराने ती स्वतः लिहिली, स्वतः बसवली, पदरचे पैसे घातले आणि आपल्याच संकेतस्थळावर विकायला ठेवली. पहिला भाग 5 डॉलर, दुसरा 2, पुढचे 3-3. खानदेशात तिचा पत्ता लागणं शक्यच नव्हतं. त्या वर्षी जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आम्ही त्या आनंदात होतो. मला ती बऱ्याच वर्षांनी पुण्याच्या भाच्याने दाखवली आणि मी कामातून गेलो.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला शंभर वर्षांचा एक बार, वर राहायच्या खोल्या. माणसं येतात, बसतात, बोलतात. सेट आणि कॅमेऱ्यांची मांडणी विनोदी मालिकांसारखी, पण हसणारे प्रेक्षक नाहीत. त्यामुळे विनोद झाल्यावर जे काही मागे उरतं ते थेट आपल्या अंगावर येतं. पहिला भाग 67 मिनिटांचा, नाटकासारखा मध्यंतर धरून. स्टीव्ह बुशेमी, ईडी फाल्को, ॲलन आल्डा अशी कसलेली मंडळी बोलता बोलता अडखळतात, गप्प होतात, आणि तिसऱ्या रांगेत बसून प्रयोग बघतोय असं वाटायला लागतं. (स्त्रियांशी केलेलं गैरवर्तन लेखकमहाशयांनी 2017 मध्ये कबूल केलं. तेव्हापासून त्यांचं नाव पुटपुटत मालिकेची शिफारस करायची कसरतही आम्हा चाहत्यांच्या नशिबी आहे.)

या मालिकेचा चाहता लगेच ओळखू येतो. 'घडतं काय त्यात?' असं विचारलं की तो सुखावतो. 'घडत काही नाही,' म्हणतो, आणि ते असं म्हणतो जणू त्यानेच काही घडू दिलेलं नाही. मी या जमातीत दाखल झालो तेव्हा घरात हे कोणालातरी दाखवणं ओघानं आलंच. चांगलं नाटक एकट्याने बघून पचत नाही.

दाखवायचं कधी, याचा शोध विजेनेच लावला. आमच्या इन्व्हर्टरवर दिवाणखान्यातला टीव्ही आणि एक पंखा चालतो, कूलर चालत नाही. म्हणजे वीज गेली की आवाज बंद, टीव्ही चालू, आणि पंखा तिथेच असल्याने सगळं घर आपोआप माझ्यासमोर गोळा. अख्ख्या खानदेशात उन्हाळ्यात वीज जाण्याची वाट बघणारा माणूस मी एकटाच असेन.

पहिल्या प्रयोगाला बायको, आप्पाकाका आणि पापडांसाठी धुळ्याहून आलेली आत्या, एवढे प्रेक्षक होते. दहा मिनिटांनी बायको म्हणाली, "अहो, हे लोक उठून कुठे जाणार आहेत का?" काका पडद्यावरच्या पहिल्या ग्लासालाच घोरायला लागले. आत्याने आपली उशी ओढली आणि अहिराणीत विचारलं, "हाई काय शे रे बापू? कव्हानंच बोलीच राह्यनात! मारामारी कव्हय व्हई?"

मग सिल्व्हिया बोलायला लागली. बार चालवणाऱ्या होरेस आणि पीट या भावांची ही बहीण. तिचं म्हणणं, बारच्या जागेला आता सोन्याचा भाव आलाय, विकून टाकू. भावांचं म्हणणं, परंपरा आहे. हे मी आत्याला सांगितलं मात्र, ती उशी सोडून उठून बसली.

"बहिणीना हिस्सा शे का त्याम्हा?"

"आहे ना."

"मंग दी टाका म्हना तिले!"

इकडे रंगमंचावरच्या माणसाला खालून सल्ला द्यायची जुनी रीत आहे. जत्रेतल्या तमाशात राजा प्रधानाला फसला, की पुढे बसलेला माणूस हाक मारून राजाला सावध करतो. आत्या त्याच परंपरेतली. ती सिल्व्हियाला सांगत सुटली की सही करू नको, साडीचोळीवर भुलू नको, आधी सातबारा बघ. सातबारा म्हटल्यावर काकांचं घोरणं थांबलं. बोरी नदीकाठच्या आमच्या शेताचं हक्कसोडपत्र आत्याने लग्नानंतर एका साडीवर करून दिलं होतं. ती साडी कशी होती, काठ किती निघाला होता आणि पहिल्या धुण्यात रंग कसा गेला, हे तिने मध्यंतराची पाटी येऊन गेली तरी सांगणं थांबवलं नाही. काका छताकडे बघत होते. कोणी कोणाला तोडत नव्हतं, कोणी उठून जात नव्हतं. मी खरं सांगतो, तिचं ते बोलणं पडद्यावरच्या कोणापेक्षा कमी नव्हतं. रात्री जेवायला फौजदारी डाळ होती, आणि ताटावरचा विषय दिवाणी.

त्या दिवसापासून आत्या माझ्याइतकीच वीज जायची वाट बघू लागली. अडचण आली ती तिसऱ्या भागाला.

हा भाग म्हणजे या मालिकेच्या चाहत्यांचं पंढरपूर. लॉरी मेटकाफ नुसती बसून बोलते. कॅमेरा कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही, समोर कोण बसलंय तेही दाखवत नाही. या भूमिकेसाठी तिला 2016 मध्ये एमी या टीव्ही-पुरस्काराचं नामांकन मिळालं. प्रश्न फक्त ती काय बोलते हा आहे. ती होरेसची पहिली बायको. दुसरं लग्न झालेलं. आणि ती कबुली देते की नव्या नवऱ्याच्या 84 वर्षांच्या बापाशी, म्हणजे स्वतःच्या सासऱ्याशी, तिचे संबंध जुळलेत. तेही ती तपशीलवार सांगते.

"ती काय सांगी राह्यनी?" आत्याने विचारलं.

डोक्यावरचा पंखा एकदम कमी पडू लागला. बायको इंग्रजी पाट्या वाचत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"सासऱ्यांबद्दल सांगतेय," मी म्हणालो.

"काय?"

"सेवा करते म्हणे त्यांची. 84 वर्षांचे आहेत."

आत्याने पडद्याकडे कौतुकाने बघितलं. "गुणी शे पोर." थोड्या वेळाने म्हणाली, "मंग रडी का राह्यनी?"

"थकलेत ते आता."

"आनि तिना नवरा?"

"त्याला माहीत नाही."

"देखा!" आत्या बायकोकडे वळली. "नवराले न सांगता करस. नहीते आते पोरी एक कप चहा दिधा तरी गावभर सांगतस."

बायकोने पदर तोंडावर घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता, पण भांडी घासली जात नव्हती. काका मात्र त्या दिवशी पूर्ण जागे होते. त्यांना इंग्रजी येतं. आयुष्यात पहिल्यांदा ते म्हणाले, की मालिका बरी आहे, संथ आहे पण खोल आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर उडदाचे पापड लाटायला गल्लीतल्या बायका जमल्या. मी कूलरमध्ये पाणी भरायला वर गेलो, तर आत्याचं प्रवचन रंगात आलेलं. अमेरिकेसारख्या ठिकाणी, दुसऱ्या घरात पडलेली बाई, म्हाताऱ्या सासऱ्याचं कसं मायेनं करते, बोलताना तिच्या डोळ्यांना कसं पाणी येतं, आणि आपल्याकडच्या सुना! लाटणी थांबली होती. दोन सासवा माना डोलावत होत्या. सगळ्यांनी मिळून तो भाग बघायचा, सुनांना मुद्दाम समोर बसवायचं, असं ठरून गेलं होतं.

आज दुपारी चारला सगळ्या येताहेत. वीज जाणार असल्याचा मेसेज आलाय. समोरच्या घरची धाकटी सून येणार आहे, तिचे सासरे येणार आहेत. सून कॉलेजात इंग्रजी शिकवते. आत्याने तिलाच मोठ्याने अर्थ सांगायला बसवायचं ठरवलंय, कारण बापू फार थोडक्यात सांगतो.