रंगपंचमीच्या रिपोर्टबद्दल आलेल्या एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई. आमच्या लॅबच्या पॅप स्मिअरच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या पेशींच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये आम्ही 'पैशांसाठी जंतू दाखवले', काउंटरवरची मुलगी 'तांबी (कॉपर-टी) काढावी लागेल' म्हणाली आणि आम्हाला शटर ओढायची घाई होती, असं तुम्ही लिहिलंय. तांबीबद्दल तिने बोलायलाच नको होतं. त्यापायी तुमच्या दोन रात्री झोपेविना गेल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

पण शटरचं ऐका. त्या दिवशी रंगपंचमी होती. 'दुपारी १ पर्यंतच' ही पाटी दारावर आठ दिवस आधीपासून होती. रिपोर्ट तयार असल्याचा मेसेज आदल्या संध्याकाळी ६ वाजता गेला होता. तुम्ही आलात २ ला १० कमी असताना! 'निघालेच आहे' असा तुमचा फोन आला म्हणून ती पोरगी थांबली. तोवर नाशिकच्या शनी चौकात रहाडीची (रंगाच्या पाण्याच्या हौदाची) गर्दी उसळली होती. चालत पंचवटीतलं घर गाठेपर्यंत ती नखशिखांत रंगली, नवा ड्रेस गेला. असो. हे रिव्ह्यूत कुठे येणार?

आता पैसे. बिल काढून बघा, ६०० रुपये. वर एकही टेस्ट आम्ही सुचवलेली नाही. 'अ‍ॅक्टिनोमायसिससारखे जंतू' लिहिलं, कारण स्लाइडवर ते दिसले: कापसाच्या बोळ्यासारखे गडद पुंजके, कडेला बारीक तंतू. बेथेस्डा या पॅप स्मिअरचा रिपोर्ट लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत दिसलेले जंतू नोंदवायची जागाच असते. मी पाहिलं ते लिहायचं नाही का? त्याच्याच वरच्या ओळीत पेशी नॉर्मल असल्याचं, कॅन्सरचा किंवा त्याआधीचा बदल नसल्याचं लिहिलंय. तपासणी असते ती त्यासाठी. ती ओळ तुमच्या रिव्ह्यूत नाही.

'आमच्या डॉक्टर म्हणाल्या काही करायचं नाही, मग लिहिलं कशाला?' अहो, त्या बरोबरच म्हणाल्या. तांबी असलेल्या बायकांच्या स्मिअरमध्ये, त्यातून ती बरीच वर्षं असेल तर, हे जंतू अधूनमधून दिसतात. त्रास काही नसेल तर तेवढ्यावरून तांबी काढत नाहीत, गोळ्याही देत नाहीत. ओटीपोटात दुखणं, ताप, वास येणारं अंगावरून जाणं असलं काही असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा लगेच डॉक्टरांना दाखवायचं, आणि त्या वेळी आमची ही नोंद त्यांच्या कामाला येते. म्हणजे त्यांचं आणि आमचं भांडण नाहीच.

अशा रिपोर्टखाली मराठीत दोन ओळी टाकायचं बघतेय. काउंटरवरही बजावलंय.

तुमची स्लाइड जपून ठेवली आहे. या, मायक्रोस्कोपखाली तुमच्या डोळ्यांनी बघा, पैसे लागणार नाहीत. फक्त १ ते २ जेवणाची सुट्टी असते.