पोच्याचा खर्च आमचा, पण दीड टनाच्या वर भरणार नाही

नमस्कार दादा,

तुमची तक्रार काल रात्री वाचली. सकाळी लाकडाच्या वखारीत आल्या आल्या कॅमेऱ्यातलं चित्रण पाहिलं, भरणाऱ्या पोरांना विचारलं आणि मग लिहायला बसलो. तुम्ही लिहिलंय की शिरवळच्या हॉटेलातल्या चुलींसाठी दोन टन बाभूळ मागितली, आम्ही दीड टनावरच थांबलो, वर जागा मोकळी दिसत असताना 'बास' म्हणालो आणि तुम्हाला परत साताऱ्याला खेप मारावी लागली. शिवाय तीन महिन्यांच्या नव्या पिकअपच्या हौद्याला पोचा आला, कॅबिनमागची काच तडकली आणि चार दिवसांनी हौद्यात काळे डाग नि गंज दिसला.

पोचा आमच्यामुळेच पडला. चित्रणात सगळं दिसतं. आमच्या पोरानं ढिगावर उभं राहून एक ओंडका हातात द्यायच्या ऐवजी वरूनच टाकला. तो खालच्या बुंध्यावर आपटून उसळला आणि डाव्या बाजूच्या पत्र्यावर बसला. एकानं हौद्यात उभं राहायचं, एकानं खाली, आणि लाकूड हातातून हातात द्यायचं, ही वखारीची पद्धत वडिलांच्या वेळेपासूनची आहे. त्या दुपारी तीन गाड्या रांगेत होत्या, घाई झाली. मी स्वतः वजनकाट्यावर होतो, माझं लक्ष नव्हतं. डेंटिंग-पेंटिंगचं बिल आम्ही भरणार, तुमच्या नेहमीच्या गॅरेजात करून घ्या.

काचेचाही खर्च आमचाच. तुमच्या गाडीला कॅबिनमागे जाळी नाही, हे भरताना आम्हाला दिसत होतं. अशा वेळी काचेच्या आड एक जाड फळी उभी करायची असते आणि लांब लाकडांची तोंडं तिला टेकवून पक्की बसवायची असतात, म्हणजे ब्रेक मारला तरी ती पुढे सरकत नाहीत. आम्ही फळी लावली नाही. वखारीत फळ्यांचा ढीग असताना लावली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तुम्ही मात्र लोखंडी जाळी बसवून घ्या. लाकूड नेणाऱ्या गाडीला ती हवीच.

आता दीड टनाचं. इथे माझं तुमच्याशी जमणार नाही.

तुमच्या आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं अशी दोन वजनं आहेत. त्या दोन्हींतला फरक म्हणजे गाडी किती पेलते ते, आणि त्यातच ड्रायव्हर आणि जोडीदाराचं वजनही धरायचं. माणसांचं वजन सोडून तुमची गाडी दीड टनी. आमच्या काट्याची पावती तुमच्याकडे आहे, निव्वळ माल १,४८० किलो. हौद्यावर जागा मोकळी दिसत होती हे खरं, पण लाकडाच्या बाबतीत डोळा फसवतो. भाजीचे क्रेट किंवा भुसा भरला तर हौदा शिगोशीग होऊनही वजन कमीच राहतं. पंधरा दिवसांपूर्वी तोडलेली बाभूळ अजून पाण्यानं जड असते. नऊ फुटी हौद्यात ती कडेच्या पातळीला आली की दीड टनाच्या आसपास काटा लागतोच, हे आम्ही रोज बघतो. तीच बाभूळ वर्षभर वाळलेली असती तर आणखी चार-सहा बोटं चढवली असती. माल ओला आहे हे तुम्हाला सांगितलं होतं आणि दरही ओल्याचाच लावला.

आमच्याच गाडीचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाला भुलून दीड टनी पिकअपमध्ये ओली निलगिरी अडीच टन भरली. गाडी वखारीतून निघाली तेव्हा पुढची चाकं हलकी वाटत होती, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. ड्रायव्हरला वाटलं, बरं चाललंय. खरं तर मागच्या धुऱ्यामागे, म्हणजे ॲक्सलच्या मागे, वजन लटकलं होतं आणि पुढचा भाग उचलला जात होता. आठ-दहा किलोमीटरवर एका खड्ड्यात डाव्या कमानीचा (स्प्रिंगचा) मुख्य पाटाच तुटला, धुरा मागे सरकला, टायर हौद्याला घासून धूर निघायला लागला. रात्री अकरा वाजता रस्त्याच्या कडेला सगळा माल उतरवावा लागला. ड्रायव्हर वाचला. तुम्हाला तर खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुढच्या उतारानं जायचं होतं. त्या उताराला ब्रेक तापून सुटले तर काय होतं, हे रोज त्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. आणि पकडलं गेलं असतं तर कायद्यानं २०,००० रुपये दंड, वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे, वर जादा माल जागेवर उतरवून ठेवण्याचा खर्चही गाडीवाल्याच्याच डोक्यावर.

म्हणून पुढच्या वेळीही तुमच्या गाडीत तेवढंच भरू. जड बुंधे तळाला, कॅबिन आणि मागच्या चाकांच्या मधे. फाळक्याकडे, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराकडे, हलका माल. फाळका उघडा टाकून लाकूड बाहेर लोंबू देणार नाही, कारण दिवे आणि नंबरप्लेट झाकल्या जातात आणि वजनही मागे जातं. दोर आवळून झाला तरी पाच-सात किलोमीटरवर एकदा थांबून बघत जा. हादऱ्यानं लाकूड बसतं आणि दोर ढिला पडतो.

दुसऱ्या खेपेबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. फोनवर आम्ही 'किती टन' एवढंच विचारलं, 'गाडी कोणती' हे विचारलंच नाही. विचारलं असतं तर दोन टन एका खेपेत जाणार नाही हे तुम्हाला घरीच कळलं असतं. त्या खेपेचं डिझेल पुढच्या बिलात वजा करतो.

राहिले काळे डाग. बाभळीच्या सालीत चामडं कमावायला वापरतात तो तुरट अर्क असतो. ओल्या सालीचं पाणी लोखंडाला लागलं की पत्रा काळा पडतो. तुमच्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली. हौद्याच्या कोपऱ्यात पाणी जायला जी भोकं असतात ती सालपटांनी आणि मातीनं बुजलीत, त्याच्या भोवती पाणी साचून गंजाचं वेटोळं उठलंय. एखादी तार घालून ती भोकं मोकळी करा, हौदा धुऊन उन्हात वाळवा, रंग उडालेल्या जागी प्राइमर लावून घ्या. माल उतरला की त्याच दिवशी झाडू मारायचा, हौद्यात ओली साल रात्रभर ठेवायची नाही. तळाला आम्ही गोणपाट टाकलं होतं, पण ओल्या मालाखाली तेच पाणी धरून ठेवतं, हे तुमच्या फोटोवरून माझ्याही ध्यानात आलं. यापुढे गोणपाटाऐवजी जुन्या कन्व्हेअर पट्ट्याचं रबर अंथरणार आहोत. तुमच्या हौद्याच्या मापाचा एक तुकडा कापून ठेवलाय, तो घेऊन जा. पैसे नकोत.

टायर पण बघून घ्या, बाभळीचा काटा आत मोडून राहिला तर हवा आठवड्यानं जाते.

बिल वखारीच्या नंबरवर पाठवा, त्याच दिवशी पैसे जमा होतील. येणार असाल तर सकाळी नऊच्या आत या, त्या वेळी गर्दी नसते. भरताना मी स्वतः हौद्याजवळ उभा राहीन.