‘गुरुजींनी फळ्यापुरतं बोलावं’ या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब,

तुटलेले मज्जातंतू परत वाढतात का, या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक डॉक्टर’ अशी सही ठोकून तुम्ही जे लिहिलंत ते वाचलं. ज्यांच्या नजरेतून ते सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की लेख लांबण लावणारा आहे, परदेशातल्या उंदरांच्या गोष्टी आमच्या खेड्यात कुणाच्या कामाच्या नाहीत, आणि तो लेख मोबाइलवर दाखवत एक बाप तुमच्याकडे आला होता. शिवाय हे, जसंच्या तसं: “प्रौढ माणसाच्या मेंदू-मज्जारज्जूतले तंतू पुन्हा वाढत नाहीत हे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं पोरगंही सांगेल. गुरुजींनी फळ्यापुरतं बोलावं, लोकांना खोटी आशा दाखवू नये.”

‘गुरुजी’ म्हणालात याचा राग नाही. आमच्या दारव्हा तालुक्यात माणूस रिटायर झाला तरी सरणावर जाईपर्यंत गुरुजीच राहतो. राग ‘फळ्यापुरतं’चा आहे. मी माझ्या नावानं लिहितो, खाली गावाचं नाव टाकतो. तुम्ही बिननावाचे. आणि बिननावाच्या माणसानं नावानिशी लिहिणाऱ्याला पायरी दाखवायची, ही रीत कुठली जी? आख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात गेली. पोरगं चुकलं तर चूक दाखवली, ‘तू बोलू नको’ असं एकालाही म्हटलं नाही. तुम्हीही अशाच कुठल्यातरी फळ्यासमोर बसून डॉक्टर झालात, एवढं तरी धरायला हरकत नसावी.

एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करतो, नाहीतर म्हणाल गुरुजी हेकट आहे. हातापायातली नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, असं मी एका दमात लिहून टाकलं. तो सरासरीचा आकडा आहे. तरुणात वेग जास्त, म्हाताऱ्यात कमी, आणि इजा जितकी वर तितकं टोकापर्यंत पोचणं अवघड. हे कंसात टाकायला पाहिजे होतं. टाकीन.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येतो.

पहिल्या वर्षाचं पोरगं बरोबरच सांगतं, पण अर्धं सांगतं. माझ्या लेखात शब्द होते, ‘आपणहून वाढत नाहीत’. तुम्ही ‘आपणहून’ गाळलंत आणि उरलेल्या वाक्याशी भांडलात. सगळा लेख त्या एका शब्दावर उभा होता, राजेहो! आपणहून वाढत नाही ते वाढवता येईल का, हाच तर प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नापायी शंभर वर्षं माणसं प्रयोगशाळेत डोळे फोडून घेतायत.

मी हे कुठं वाचून ठोकून देतो असं वाटत असेल तर माझा उजवा हात बघा. पावसाळ्याच्या तोंडावर वादळात गोठ्यावरचा टिनपत्रा उडाला. तो धरायला गेलो आणि कोपराखाली खोल चीर पडली. जवळच्या एका दवाखान्यात टाके पडले, धनुर्वाताची सुई झाली, रक्त थांबलं, सगळे खूश. करंगळी बधिर आहे म्हटलं तर उत्तर मिळालं, “नस दबली असंल, येईल हळूहळू.” वर बी-१२ च्या लाल रंगाच्या ताकदीच्या सुया. ज्याच्या रक्तात बी-१२ कमी आहे त्याला ते द्यावंच, पण कापली गेलेली नस सुईनं जुळत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. समोरच्याला कळायला पाहिजे होतं, आणि त्याच्या पाटीवर पदवी तुमचीच होती.

खडू हातातून निसटायचा. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खपाटीला गेला. चुलीवरच्या गंजाला करंगळी लागून भाजली ते फोड आल्यावर दिसलं. नागपूरला पोचलो तोवर तुटलेली दोन्ही टोकं आखडून लांब गेली होती. तिथल्या सर्जननं पोटरीच्या मागून सूरल नावाची नस काढली आणि तिचे तुकडे मधल्या जागेत शिवले. त्या नसेवाचून माणसाचं फारसं अडत नाही, पावलाची बाहेरची कड तेवढी बधिर राहते. माझी आजही आहे, चप्पल त्या बाजूनं निघाली तर समजत नाही.

पुढच्या तपासण्यांत ते कोपराकडून मनगटाकडे बोटानं टकटक करत यायचे. एका ठिकाणी टिचकी पडली की करंगळीत झिणझिणी उठायची. तिथे बॉलपेननं रेघ. पुढच्या वेळी ती जागा खाली सरकलेली. टिनेल या फ्रेंच डॉक्टरनं १९१५ साली सांगितलेली ही चाचणी. वाढत्या तंतूंची टोकं कुठवर आली ते कातडीवरून कळतं, मशीन लागत नाही. कोपराखालून करंगळीच्या शेंड्यापर्यंत ३० सेंटिमीटर धरा, रोजचा एक मिलिमीटर, म्हणजे ३०० दिवस. आणि वर्ष-दीड वर्षात नस पोचली नाही तर स्नायू तिला घ्यायला उरत नाही, म्हणून ही घाई. माझ्या अंगठ्याजवळचा खड्डा पुरता भरला नाही, पण खडू धरता आला.

तुम्ही म्हणाल, ही तर हातातली नस, मज्जारज्जू वेगळा. थांबा, तिथेच येतोय.

नस तुटली की पुढचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलरनं १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर हे दाखवलं. हातापायात मेलेल्या तुकड्याचा कचरा काही आठवड्यांत साफ होतो आणि श्वॉन पेशी, म्हणजे नसेतल्या तंतूंना वेढून सांभाळणाऱ्या पेशी, रांगेनं उभ्या राहतात, जसं तिफणीनं तास पाडून ठेवावं आणि बी तेवढं यायचं बाकी असावं. मज्जारज्जूत ही तयारीच होत नाही. मायलिनचा, म्हणजे तंतूंवरच्या चरबीच्या वेष्टनाचा, कचरा महिनोन्‌महिने पडून राहतो, त्यातच वाढ अडवणारी प्रथिनं असतात, जखमेभोवती वण धरतो, आणि प्रौढ तंतूनं स्वतःची वाढीची यंत्रणाही बरीचशी आवरून ठेवलेली असते. इतक्या सगळ्या अडचणी मी लेखात लिहिल्या होत्या. खोटी आशा दाखवणारा माणूस अडचणींची यादी देतो का?

मज्जातंतूंचा अभ्यास करणारा स्पेनचा शास्त्रज्ञ काहाल, त्याचं नाव तुमच्या पहिल्या वर्षाच्या पोरानं ऐकलं असेल. १९०६ चा नोबेल, गॉल्जीबरोबर. प्रौढ मेंदूत सगळं मरू शकतं, पुन्हा काही उगवत नाही, हा कठोर निवाडा त्यानंच लिहिला आणि पाठ्यपुस्तकं आजवर तोच गिरवतात. पण लगेच पुढे तो म्हणतो की जमलं तर हा निवाडा उद्याच्या विज्ञानानं बदलावा. ती पुढची ओळ कुणी वाचत नाही, तुम्हीही वाचली नसावी. त्याचाच शिष्य तेलो. त्यानं १९११ मध्ये सशाच्या मेंदूत पायाच्या नसेचे तुकडे बसवले आणि मेंदूतले तंतू त्यांत शिरताना पाहिले.

पुढे १९८१ मध्ये माँट्रियलच्या ॲग्वायो यांनी प्रौढ उंदरांत मेंदूच्या बुडापासून मज्जारज्जूपर्यंत पायाच्या नसेचा पूल टाकला. ‘पुन्हा वाढत नाहीत’ म्हणतात ते तंतू त्या पुलातून सुमारे तीन सेंटिमीटर चालून गेले, आणि पलीकडे पुन्हा मज्जारज्जूत शिरायची वेळ आली तेव्हा थबकले. म्हणजे तंतूत दम होता, जागा वैरी होती. माझ्या कोपराखाली शिवलेला तुकडाही पायाच्याच नसेचा. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ पावलाची ती बधिर कड चाचपत बसलो होतो. तुम्ही याला भाबडेपणा म्हणा.

ती जागा वैरी का, हे झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी शोधलं. मायलिनमधलं वाढ रोखणारं नोगो हे प्रथिन. १९९० मध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड (अँटिबॉडी) देऊन उंदरांच्या मज्जारज्जूत तंतू वाढवले गेले, २००० मध्ये नोगोचं जनुक हाती लागलं. २००२ मध्ये वणातल्या साखरेच्या साखळ्या कापणारं एक जिवाणूंचं विकर (एन्झाइम) देऊन लंडनच्या गटानं उंदरांत काही हालचाल परत आणली. २००८ मध्ये बॉस्टनच्या झिगांग हे या शास्त्रज्ञाच्या गटानं पेशीच्या आतून वाढ आवरणारं पीटेन नावाचं जनुक बंद केलं तेव्हा प्रौढ उंदराच्या डोळ्याच्या नसेतले तंतू वाढू लागले, म्हणजे अडसर बाहेर आहे तसा आतही. आणि वण हा निव्वळ शत्रू, हा समज २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात डळमळला. वण तयारच होऊ दिला नाही तर वाढ सुधारली नाही, उलट खुंटली. ही गुंतागुंत मला फार आवडते. लेख लांबला तो इथेच, आणि त्याबद्दल मला काही वाटत नाही.

माणसांचं काय? तेही लिहिलं होतं. नोगोविरोधी प्रतिपिंडाची युरोपात मानेची इजा झालेल्या रुग्णांवर चाचणी झाली, ठरवलेल्या मुख्य मोजमापात फरक दिसला नाही, अर्धवट इजा असलेल्यांत थोडासा इशारा मिळाला. दुसऱ्या एका औषधाची चाचणी २०१८ मध्ये उपयोग दिसेना म्हणून मधेच बंद केली. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कूर्टीन यांच्या लुळ्या रुग्णांची पावलं पडली ती मज्जारज्जूला विजेचे ठोके देऊन. त्यात उरलेल्या तंतूंना जागं केलं जातं, नवे लांबवर वाढवले जात नाहीत. हा फरक मी ठळक अक्षरात टाकला होता. ठळक! तरी तुम्हाला खोटी आशाच दिसली. वाचून प्रतिक्रिया द्यायची पद्धत तुमच्याकडे आहे की नाही, अशी शंका येते.

परदेशातले उंदीर आमच्या काय कामाचे, हे तर भंडारा-गोंदियाकडे विचारा. मजुरीत मिळालेली लाखोळीची डाळ खाऊन ज्यांचे पाय ताठरून चालताना कात्रीसारखे एकमेकांत अडकू लागले, त्या म्हाताऱ्यांचे मेंदूकडून कमरेपर्यंत येणारे लांब तंतूच खराब झालेत. ते परत येत नाहीत. कुष्ठरोगाचा जंतू घर करतो तो श्वॉन पेशींतच, आणि आनंदवन आमच्याच वरोऱ्यात आहे. अजून काय सांगू?

लेख लांब आहे, तर वाचू नका. कुणी जबरदस्ती केली नाही.

राहिला तो बाप. तुम्ही लिहिता की त्याचा पोरगा झाडावरून पडून कमरेखाली लुळा झाला, आणि माझा लेख दाखवून तो म्हणाला, वावर विकतो पण स्टेम सेल करून आणतो. माझ्या लेखात स्टेम सेल हा शब्द नाही. शोधा, सापडत नाही. कुणी काय वाचून काय करावं याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकायची तर उद्या पंचांगही बंद करावं लागेल. त्या बापाला माझा नंबर द्या, मी बोलतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशा इजेवर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. मंजूर चाचणीत सामील करून घेतलं तर गोष्ट वेगळी, पण तिथे रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की उठून यावं. हे त्याला तुम्हीही सांगू शकला असता, समोर बसला होता.

लेखाच्या अगदी वर आज एवढं टाकलं आहे: “मज्जारज्जूतले तंतू पुन्हा वाढवणारा यातला कुठलाही उपाय आज दवाखान्यात विकत मिळत नाही. कुणी विकत असेल तर वावर, बैल, दागिना काही मोडू नका.” तुमच्या सांगण्यावरून टाकलं, असं मात्र कुठं सांगत फिरू नका.